शालींखाली सापडलेली जाळी

१

ड्रायरची जाळी मावशीच्या कपाटात, शालींच्या घड्यांखाली सापडली, आणि सापडल्याचा आनंद कुणालाच झाला नाही.

आदल्या संध्याकाळपासून सगळं घर ती जाळी शोधत होतं. वहिनीनं स्वयंपाकघरातले डबे हलवून पाहिले होते, दादा मोबाइलचा उजेड पाडत पलंगाखाली शिरला होता. सकाळी मावशीला थंडी वाजतेय म्हणून वहिनी शाल काढायला गेली, तेव्हा शालीबरोबर जाळीही बाहेर आली. वहिनी तशीच उभी राहिली. मावशीनं तिच्या हाताकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मीच ठेवली असणार."

"आई, आठवतंय का तुम्हाला?"

"आठवत नाही. पण माझ्या कपाटात दुसरं कोण ठेवणार?"

मी त्या घरात आदल्या रात्रीच आले होते. एका प्रयोगशाळेत मुलाखत होती, तोवर मावशीकडे राहायचं ठरलं होतं. घर लहान आणि माणसं मोजकी. मावशी, काका, त्यांचा मुलगा म्हणजे माझा दादा, वहिनी आणि त्यांची नुकतीच बसायला लागलेली मुलगी. तिचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण तिला सगळे ठकी म्हणतात. दादा-वहिनी कामावर गेले की ठकी मावशीकडे असायची.

जाळी म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेली बारीक तारांची पट्टी. ड्रायरच्या दाराशी एक खाच असते, त्यात ती उभी सरकवायची. गरम हवेत कपडे घुसळले जातात, त्यांतून लव, म्हणजे धाग्यांचा कापसासारखा भुगा, सुटते, आणि ती हवेबरोबर येऊन या जाळीवर अडकते. दर वेळी ती खरवडून काढायची. जाळीच नसली, तर लव थेट पंख्याकडे आणि मागच्या पाइपात जाते.

काल, शुक्रवारी दुपारी तेच झालं होतं. मागच्या खोलीत ड्रायर चालू, आत ठकीचं पिवळं ब्लँकेट, आणि घरभर जळका वास. शेजारच्या खोलीत ठकी झोपलेली. मावशी घरात एकटी. तिनं प्लग ओढून काढला, ठकीला उचललं आणि जिन्यात जाऊन बसली. संध्याकाळी मेकॅनिक आला. मशीन फार तापल्यामुळे आतला फ्यूज उडाला होता. तो त्यानं बदलला, खाचेत बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "जाळी काढून कुणी चालवलं हे?"

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून आता जाळी मावशीच्या शालींखाली निघाली होती.

"सोमवारी ठकीचं नाव पाळणाघरात घालून या," मावशी दादाला म्हणाली. "आणि मला डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत तिला माझ्याजवळ एकटं ठेवू नका."

"आई, एवढं काही नाही गं," दादा म्हणाला. पण 'तुझ्याजवळच ठेवू' असं तो म्हणाला नाही. ते मावशीलाही कळलं.

दादानं माझ्याकडे पाहून हसण्याचा प्रयत्न केला. "काय शास्त्रज्ञबाई, तुमचं शास्त्र काय म्हणतंय?"

शास्त्र काहीच म्हणत नव्हतं. मी जाळी हातात घेऊन उलटसुलट पाहत होते. ती फार स्वच्छ होती. मला ते कुठेतरी खटकलं, पण का, ते सांगता येईना.

२

"तू जाळी कशी साफ करतेस, ते दाखव," मी मावशीला म्हटलं.

"आता उलटतपासणी का?" ती म्हणाली, पण पलंगावर सरकून तिनं मला जागा दिली. "अशी बोटं ओली करायची नाहीत, कोरडीच फिरवायची. कडेपासून मध्ये. मग लव आपोआप गोळा होते. तिची गोळी वळायची आणि टाकायची."

"पाण्यानं धूत नाहीस?"

"तारेला पाणी कशाला लावू? गंजेल की."

मी जाळी बेसिनवर नेली आणि तिच्यावर वाटीनं पाणी ओतलं. पाणी सरळ खाली पडलं. हे चमत्कारिक होतं. वहिनी कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये सुगंधी कागद टाकते. त्या कागदांचा मेणचट थर जाळीवर बसत जातो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि कोरड्या बोटांनी निघत नाही. अशा जाळीवर पाणी ओतलं तर ते तळ्यासारखं साचून राहतं. ही जाळी कुणीतरी साबण लावून नीट घासली होती. नाकाशी धरली, तर भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वासही येत होता.

"मावशी, ती शाल कुठे आहे?"

शाल लोकरीची, करड्या रंगाची होती. जिथे जाळी होती तिथे पाण्याचा डाग पडून वाळला होता, आणि लोकरीवर जाळीच्या चौकटीचा ठसा उमटला होता. मी तो हातानं चोळला, झटकला. तो जाईना. एका रात्रीत एवढा खोल ठसा उमटत नाही. वर चार शालींचं ओझं घेऊन ती जाळी तिथे बरेच दिवस पडून असणार.

"ही शाल शेवटची कधी काढली होतीस?"

"थंडी गेली तेव्हा ठेवली ती ठेवलीच. आज अंगात कसकस वाटली म्हणून." ती थांबली. "तुला एक सांगू? हे कालचंच नाही. पंधरा दिवस झाले, मला काही कळेनासं झालंय."

तिनं सांगितलं ते असं. ती कपडे लावायची, मशीन वेळेवर बंद व्हायचं, आणि कपडे ओलेच निघायचे. म्हणजे बटण नीट फिरवलं नसेल. मग ती ठकीकडे जायची, परत येऊन पाहते तर मशीन चालू. म्हणजे आपणच लावलं असेल. एकदा साफ करायला गेली तर खाचेत जाळीच नव्हती. घरभर शोधली, हात हलवत परत आली, तर जाळी जागेवर.

"मी तिथेच उभी राहून रडले," ती म्हणाली. "माणसाला रस्ता आठवला नाही तर तो विचारू शकतो. मी कुणाला विचारणार, की जाळी होती का नव्हती?"

"आणि काल?"

"काल सकाळी ब्लँकेट लावलं. नाजूक कपड्यांवर. ठकीचं सगळं मी त्याच्यावरच लावते. बंद झालं तेव्हा हात लावून पाहिलं, तर ओलं. म्हटलं, राहू दे, हिला आधी झोपवू. तिच्याजवळ आडवी झाले, डोळा लागला. वास आला तेव्हा मशीन गरगरत होतं. मी लावलं नव्हतं. म्हणजे लावलंच असणार. घरात होतंच कोण? काका वाचनालयात गेले होते."

मी मागच्या खोलीत गेले. मेकॅनिकनं प्लग लावला नव्हता आणि बटणाला हात लावला नव्हता. बटणाचा काटा 'जाड कपडे' या खुणेवर होता.

३

भौतिकशास्त्रात एक बरं असतं, मशीन खोटं बोलत नाही. पण ते खरंही आपणहून सांगत नाही. ते ओढून बाहेर काढावं लागतं. मी ड्रायर दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

तो हलल्यावर जमिनीवर चार फिकट चौकोन दिसले. मशीनचे पाय आधी तिथे होते, भिंतीपासून चांगले वीतभर पुढे. नंतर कुणीतरी ते मागे रेटलं होतं. का, ते समोरच दिसत होतं. मशीनच्या पुढ्यात आता ठकीची बाबागाडी उभी होती.

आणि मशीन व भिंत यांच्यामध्ये गरम, दमट हवा बाहेर नेणारा पाइप चेपून बसला होता. पायाखाली आलेल्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यासारखा सपाट.

ओल्या कपड्यांचं कोडं तिथेच सुटलं. दमट हवा बाहेर जायला वाटच नव्हती. बटण कितीही नीट फिरवलं असतं, तरी कपडे ओलेच राहिले असते. मावशीची बोटं ठीक होती, डोकंही ठीक होतं. मी धावत जाऊन तिला सांगणार होते. मग म्हटलं, आधी पाइप काढून पाहू.

पाइपाच्या आतल्या भिंतीवर राखाडी धुळीचा पातळ थर होता, तो कुठल्याही जुन्या पाइपात असतो. चेपलेल्या जागी मात्र लवेचा बोळा अडकला होता, कडेला करपलेला. मी तो उकलला. सगळा पिवळा. या घरात दादाच्या जीन्स वाळतात, काकांचे मळखाऊ सदरे वाळतात. त्यांचा एक निळा किंवा करडा धागाही त्यात नव्हता.

म्हणजे जाळीशिवाय फक्त पिवळं ब्लँकेट वाळलं होतं, बाकी काही नाही. शुक्रवारपर्यंत जाळी जागेवर होती.

मी जमिनीवर मांडी घालून बसले. एका हातात पिवळा बोळा, मांडीवर शाल. शाल म्हणत होती, जाळी बरेच दिवस माझ्याखाली आहे. बोळा म्हणत होता, जाळी कालपर्यंत मशीनमध्ये होती. दोघांवरही माझा पूर्ण विश्वास होता. मी पुन्हा शालीचा ठसा चोळला, पुन्हा बोळा उकलला. दोन्ही साक्षीदार आपल्या जबानीवर ठाम.

खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात डोकावले ते निव्वळ काही सुचेना म्हणून. वर सुगंधी कागद. खाली मावशीच्या लवेच्या गोळ्या, गुळगुळीत वळलेल्या. आणि त्यांच्यात पिवळ्या लवेची एक सपाट पट्टी, केळ्याच्या सालीसारखी एका झटक्यात सोललेली. गोळी वळलेली नव्हती.

ब्लँकेट अर्धवट वाळल्यावर कुणीतरी जाळी काढून साफ केली होती. ते कुणीतरी मावशी नव्हतं. आणि ती जाळी शालींखालची असूच शकत नव्हती, कारण ती तर तिथे आधीपासून पडून होती.

सापडलेली जाळी ही हरवलेली जाळी नव्हतीच.

४

काका बेसिनपाशी उभे राहून चष्मा धूत होते. भांड्यांचा साबण बोटावर घेऊन, एकेका काचेला वेगळा. काका कंगवा असाच धुतात, रिमोटही त्यांनी एकदा धुतला होता.

"काका, शालींखालची जाळी तुम्ही धुतलीत ना?"

त्यांनी नळ बंद केला. चष्मा न पुसताच डोळ्यांवर चढवला. पाण्याचे थेंब गालांवर आले.

"दार लाव," ते म्हणाले.

मी दार लावलं.

"तुझी मावशी विसरायला लागलीय असं सून म्हणाली. म्हटलं, तिला कशाला दाखवून द्यायचं? ती बाळाला घेऊन बसली की मी हळूच जाळी काढायचो, धुवायचो, परत लावायचो. तिला कळू द्यायचं नाही."

"आणि तिनं जागा रिकामी पाहिली."

"हो? मला काय माहीत!" ते घाबरे झाले. "एकदा मी धुऊन आमच्या खोलीत आणली, तेवढ्यात ती आली. मी शालींखाली सारली. ती गेल्यावर... अगं, इथेच गोंधळ आहे. मी दुसऱ्या दिवशी मशीनपाशी गेलो, तर जाळी खाचेत. म्हटलं, आपणच लावली असेल काल. लावली आणि विसरलो. कपाटात परत बघायचं धाडसच झालं नाही. तेव्हापासून मी त्या मशीनला हात लावत नाही."

"मग आज ती शालींखालून निघाली तेव्हा?"

"तेव्हा काय!" काकांचा आवाज बसला. "मी परत काढली असणार. काल. मलाच ठाऊक नाही आणि मी काढली. वाचनालयात तरी गेलो होतो की नाही, देव जाणे. तिला डॉक्टरकडे नेताय, तसं मलाही न्या. मीच जाळी काढली, माझी नात आत झोपलेली असताना."

अशी दुसरी कबुली माझ्या पदरात पडली. एकाच गुन्ह्याचे दोन गुन्हेगार, आणि दोघांनाही गुन्हा आठवत नव्हता. पोलीस अशा वेळी काय करत असतील, मला कल्पना नाही. मी काकांना टॉवेल दिला.

"काका, तुम्हाला आठवतंय तेवढंच खरं धरा. तुम्ही धुतली, शालींखाली ठेवली, परत लावली नाही. पुरे."

"मग खाचेत कुठली आली?"

"तेच विचारायला चाललेय."

५

वहिनी गच्चीच्या दारात ठकीला भरवत होती. ठकी अर्धं खात होती, अर्धं वहिनीच्या बाहीला लावत होती.

"वहिनी, दुसरी जाळी कधी आणलीस?"

चमचा हवेत थांबला. ठकीनं तोंड पुढे केलं आणि चमचा येईना म्हणून ओरडली.

"तुला कुणी सांगितलं? मी कुणालाच बोलले नाहीये." तिनं घाईघाईनं ठकीला घास दिला. "आईंना सांगशील तर बघ."

"काय सांगू, तेच मला अजून कळलेलं नाही."

"एकदा सकाळी मी मशीन पाहिलं, तर खाच रिकामी. म्हटलं, आईंनी कुठेतरी ठेवली आणि हरवली. ओरडायचं कशाला? संध्याकाळी येताना नवीन आणली आणि गपचूप लावून टाकली. त्यांना कळलंही नाही." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आज ती जुनी सापडली. पण नवी कुठंय? सांगितलं असतं की घरात दोन जाळ्या होत्या, तर सगळे म्हणाले असते, एक नाही, यांनी दोन हरवल्या. म्हणून मी गप्प बसले."

"आणि मशीन आपोआप चालू व्हायचं, ते?"

"ते... सकाळ-संध्याकाळ मी घरी असले आणि कपडे ओले दिसले, की मी परत लावून द्यायचे. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. न सांगता." ती लाल झाली. "त्यात काय चुकलं माझं?"

डोक्यात तुकडे जुळत होते, आणि जुळताना आणखीच घोळ होत होता. इथे चोर नव्हता. इथे फक्त मदत होती, आणि ती इतकी चोरून चालली होती की चोरीपेक्षा वेगळी ओळखू येत नव्हती.

"काल दुपारी तू घरी आली होतीस?"

"मी? नाही गं. संध्याकाळीच. विचार की ऑफिसात कुणालाही."

म्हणजे उरला एकच माणूस. ज्याला कोणतंही मशीन दिलं की तो बटण थेट शेवटपर्यंत फिरवतो, मग तो पंखा असो की मिक्सर.

६

मी सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं. मावशी स्टुलावर, काका दारात, वहिनी बाबागाडीला टेकून, आणि दादा हाताची घडी घालून. ठकी दूध पिऊन झोपली होती. खोली एवढीशी, ड्रायर मध्ये ओढलेला. उभं राहायचं तर एकमेकांच्या अंगावरच.

"ही काय कोर्टकचेरी?" दादा म्हणाला.

"दादा, काल दुपारी तू घरी का आला होतास?"

त्यानं हाताची घडी सोडली. मावशीनं मान वर केली.

"चार्जर विसरलो होतो," तो हळूच म्हणाला. "पण तुला..."

"बटण जाड कपड्यांवर होतं. मावशी ठकीचं कधीच त्याच्यावर लावत नाही. काका मशीनला हात लावत नाहीत. वहिनी ऑफिसात होती. आता तू सांग."

दादानं आईकडे पाहिलं नाही, मशीनकडे पाहिलं. "तुम्ही दोघी झोपला होतात. मी बूट हातात घेऊन आलो. बघतो तर मशीन बंद आणि ब्लँकेट ओलं. म्हटलं, आई विसरली. जाळी काढली, सगळी पिवळी झाली होती. सोलून साफ केली. तेवढ्यात साहेबांचा फोन. मी जाळी लावली, मशीन चालू केलं आणि निघालो."

"मग रात्री का नाही बोललास?"

"काय बोलू? मी चालू केलं तेव्हा जाळी होती. मग आईनं मशीन थांबवलं, जाळी काढली, शालींखाली ठेवली, परत चालू केलं, आणि यातलं तिला काहीच आठवत नाही. हे मी सांगितलं असतं तर तिची केस आणखीच वाईट झाली असती. त्यापेक्षा ती म्हणतेय ना मीच लावलं, ते बरं."

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी पाइप उचलून धरला.

"याच्यापासून सुरू करू. दादा, बाबागाडी आली तेव्हा तू मशीन मागे रेटलंस. पाइप चेपला, आणि कपडे वाळेनात. मावशी, तू बटण नीटच फिरवत होतीस. पण वहिनीला वाटलं, तू विसरलीस. तिनं न सांगता मशीन परत लावायला सुरुवात केली. तुला वाटलं, ते आपण लावलं. वहिनीनं काकांना सांगितलं. काका न सांगता जाळी धुवायला लागले. तुला वाटलं, जाळी हरवली. वहिनीलाही तेच वाटलं, म्हणून तिनं न सांगता नवी आणली. काकांना ती खाचेत दिसली आणि त्यांना वाटलं, आपलं डोकं गेलं. जुनी शालींखाली राहिली. ती कालच्या आधीपासून तिथेच आहे, तिचा कालच्या धुराशी काहीच संबंध नाही."

"मग नवी जाळी?" वहिनीनं विचारलं.

"ती काल दादाच्या हातात होती. बुटांची जोडी, चार्जर आणि साहेबांचा फोनही त्याच हातांत. दादा, तू जाळी लावलीस असं म्हणतोस. लावताना आठवतेय, की लावली असणार असं वाटतंय?"

दादानं रिकाम्या खाचेकडे पाहिलं.

"ऑफिसात पोचलास का काल?"

"नाही. रस्त्यातच आईचा फोन आला. तसाच मागे फिरलो."

"मग बॅग उघडलीच नसशील."

तो बाहेर गेला. चेन ओढल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा त्याच्या हातात चार्जर होता, आणि चार्जरच्या वायरीत गुंतलेली नवी कोरी जाळी. तारांना अजून थोडी पिवळी लव चिकटलेली होती.

"आई," तो म्हणाला आणि जाळी तिच्यापुढे धरली.

मावशीनं जाळी घेतली. बोटांनी, कोरड्या बोटांनी, कडेपासून मध्ये उरलेली लव गोळा केली. तिची गोळी वळली. तिला बराच वेळ लागला आणि आम्ही सगळे बघत उभे.

"म्हणजे मी विसरत नाही," ती शेवटी म्हणाली.

मला खोटं बोलवेना. "तू विसरत नाहीस असं मी सिद्ध केलेलं नाही, मावशी. तू विसरतेस याचे जेवढे पुरावे होते, ते सगळे खोटे निघाले. एवढंच."

"तेवढं पुरे," ती म्हणाली. मला वाटलं, आता ती रडेल. पण ती चिडली. मी तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. "पंधरा दिवस! पंधरा दिवस तुम्ही सगळे माझ्या मागे मागे फिरत होतात. मी ठेवलेलं उचलत होतात, मी केलेलं परत करत होतात. पुढे येऊन एकानं तरी विचारायचं, की आई, हे कपडे ओले का? अहो, तुम्ही तरी? एवढ्या वर्षांत मी तुम्हाला कधी खाल्लंय?"

"तुला वाईट वाटेल म्हणून," काका म्हणाले.

"वाईट! मी रात्री पडल्या पडल्या तुमची नावं पाठ म्हणत होते. उद्या उठल्यावर आठवतील ना म्हणून. वाईट वाटेल म्हणे!"

वहिनीनं डोळे पुसले, काकांनी चष्मा काढून परत घातला, दादा त्या वायरीच्या गाठी सोडवत राहिला. निकाल लागला होता आणि एकाही आरोपीला त्याचं काय करायचं ते समजत नव्हतं.

तेवढ्यात आतून ठकी रडली.

चौघंही एकदम निघायला गेले आणि चौघंही थांबले. मावशी स्टुलावरून अर्धी उठली होती. ती परत बसली. "जा गं कुणीतरी," ती म्हणाली. राग कुठल्या कुठे गेला होता, आवाज एवढासा झाला होता. कागदावर सगळं सुटलं तरी पंधरा दिवसांची भीती अशी एका दुपारीत जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

ठकीचं रडणं वाढलं. वहिनीचा पाय दाराकडे वळला होता, तो तिनं मागे घेतला.

"आई," ती म्हणाली, "मला वाटतं, तुम्ही जावं. सोमवारीही तुम्हीच असावं तिच्याजवळ. पाळणाघर नको. पण तुम्हाला झेपेल ना? खरं सांगा."

मावशीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "माझं मन राखायला म्हणतेस?"

"नाही. विचारतेय. समोर उभी राहून."

मावशी उठली, लवेची गोळी कचऱ्यात टाकली, पदराला हात पुसले आणि आत गेली. रडणं आणखी जरा चाललं. मग एक हुंदका, मग नुसतं कुरकुरणं, आणि मावशीचा आवाज, ठकीला काहीतरी दरडावून सांगत असलेला.

दादा चवड्यांवर दाराकडे निघाला. "नुसतं बघून येतो, सगळं ठीक..."

काकांनी त्याचा सदरा मागून धरला आणि त्याला रिकाम्या स्टुलावर बसवलं.